आत्याबाईची ओटी

बारामतीत मुलींच्या शाळेत मी शिकवायला लागले तेव्हा नव्या माणसाचं पहिलं लक्ष माझ्या उंचीकडे जायचं. फळ्याच्या वरच्या कडेला माझा हात सहज पोचायचा. दुसऱ्या कुठल्या बाईंना वर काही लिहायचं असलं की त्या मला हाक मारायच्या. माझा आवाजही उंचीला शोभेल असाच होता, भरदार आणि खालच्या पट्टीतला. प्रार्थनेला मी सूर दिला की लहान मुली आधी चाचपडायच्या आणि मग आपल्या आपल्या सुरात सुरू व्हायच्या. गाणं मी वडिलांकडे शिकले. ते वैद्यकी करायचे. रोगी नसले की काढ्याच्या बाटल्यांपुढे तंबोरा घेऊन बसायचे आणि मला समोर बसवायचे.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गावात एक हौशी नाट्यमंडळ होतं आणि एक वकील ते चालवायचे. कोर्टात जितके बोलायचे त्याच्या दुप्पट तालमीत बोलायचे. त्या वर्षी त्यांनी एक संगीत विनोदी नाटक घेतलं. तेव्हा ते गावोगाव व्हायचं आणि त्यातली पदं लोकांच्या तोंडी असायची. एके दिवशी वकील आमच्या घरी आले आणि म्हणाले की आता शहरांतून बायकांची कामं बायकाच करतात, बारामतीनं तरी मागे का राहावं, नायिकेचं काम मी करावं. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी फक्त पदं कोणत्या पट्टीत आहेत ते विचारलं. वकिलांनी पट्टी बदलता येईल असं सांगितल्यावर वडिलांची हरकत संपली. वकील आमच्या शाळेच्या कमिटीवर होते, त्यामुळे मोठ्या बाईंची हरकत निघण्याआधीच मिटली होती.

खरी अडचण वेगळीच होती. मंडळाची नायिका तोवर अण्णा होते.

अण्णा कालव्याच्या कचेरीत कारकून होते. बुटके, गोरे, नाजूक बांध्याचे. कॉलेजात असल्यापासून त्यांनी बायकांची कामं केली होती आणि ती इतकी हुबेहूब की गावातल्या काही बायका लुगड्याचा काठ घेताना ‘अण्णांच्या काठासारखा’ असं दुकानदाराला सांगायच्या. आता त्यांची चाळिशी उलटली होती. वकिलांनी त्यांना नायिकेच्या आत्याचं काम दिलं. मला वाटलं होतं, ते तालमीला येणारच नाहीत. पण पहिल्याच दिवशी ते आले. मला आपादमस्तक न्याहाळलं, बरंच वर बघावं लागलं त्यांना, आणि म्हणाले, “नायिकेचं वय वाढत नाही. माझं वाढलं. तुम्ही संकोच करू नका.” मग त्यांनी मला दाराकडून खुर्चीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं. मी चालले. ते म्हणाले की पुष्कळ काम करावं लागेल.

अशी मला बाईसारखं चालायची शिकवणी लागली. आमच्या तालमी गुळाच्या एका आडतीच्या गोदामात व्हायच्या. भिंतीला ढेपा रचलेल्या, जमीन चिकट, आणि मुंग्या सगळीकडे. पेटी वाजवणारे दर पदाआधी पेटी उलटी करून झटकायचे. त्या चिकट जमिनीवर अण्णा मला लचकत चालायला शिकवायचे. पदर खांद्यावर ठेवायचा नसतो, तो खांद्यावर राहिला पाहिजे. लाजताना मान खाली घालायची नाही, नजर घालायची. असं त्यांचं चालायचं. मी जन्मभर बाई होते, पण यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं.

नाटकाची गोष्ट साधी होती. श्रीमंत घरातल्या मुलीवर एका तरुणाचं मन बसतं आणि तो आचारी बनून त्या घरात शिरतो. मुलगी त्याला ओळखते आणि प्रेमात पडते. पण तिची आत्या, जिचं लग्न राहून गेलंय, तीही या आचाऱ्याच्या प्रेमात पडते. शेवटी आचारी आपलं खरं रूप सांगतो, लग्न ठरतं आणि आत्या रागावून काशीला निघून जाते. असा सगळा गोंधळ, आणि प्रत्येक गोंधळाला एक पद.

हा आचारी झाले होते जळोचीचे एक बागाईतदार. कालव्याच्या पाण्यावर त्यांची वांगी, टोमॅटो आणि पेरूची बाग होती. तालमीला सायकलवरून यायचे आणि येताना सगळ्यांसाठी पिशवीभर काहीतरी आणायचे. भजनातून तयार झालेला त्यांचा गळा असा होता की त्यांनी तान घेतली की गोदामातले हमालसुद्धा पोतं खांद्यावर तसंच ठेवून उभे राहायचे. गद्य बोलताना ‘आहे’चं ‘हाय’ व्हायचं. वकिलांनी काही दिवस त्यावर डोकं आपटलं आणि मग आचारी खेड्यातला दाखवून मोकळे झाले.

पण एक गोष्ट वकिलांनाही सोडवता येईना. बागाईतदारांच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. पोरींची चौकशी करायला ते शाळेत यायचे तेव्हा टोपी काढून दाराबाहेर उभे राहायचे आणि मी बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. आता त्यांनी माझ्याकडे बघून ‘प्रिये’ म्हणायचं होतं. ते माझ्या पायाकडे बघून म्हणायचे. जवळ या म्हटलं की अर्धं पाऊल पुढे यायचे आणि पुढच्या वाक्याला परत मागे जायचे. एकदा त्यांनी वकिलांना बाजूला घेऊन सांगितलं ते मला ऐकू आलं.

“तात्या, बाई माझ्या पोरींना शिकवत्यात. त्यांचा हात धरायचा म्हंजी मला न्हाय जमायचं.”

अण्णांबरोबर मात्र त्यांची कळी खुलायची. आत्या आचाऱ्याला पुरण कसं वाटायचं ते विचारते असा एक प्रवेश होता. त्यात दोघं पाट्यासमोर बसायची, आत्या पुरण वाटता वाटता त्याच्याकडे बघायची आणि तो गायचा. बागाईतदार तिथे असे रंगायचे, असे हसायचे, अण्णांच्या पदराला लागलेलं पीठ असं हळूच झटकायचे की आम्ही सगळे तालीम विसरून बघत बसायचो. वकील डोक्याला हात लावायचे. प्रेम भलत्याच ठिकाणी चाललं होतं.

बारामतीचा खेळ झाला आणि चांगला झाला. माझ्या पदांना टाळ्या मिळाल्या. फक्त दुसऱ्या अंकात, प्रेमाची कबुली द्यायच्या जागी, बागाईतदार माझ्यासमोर आले, छातीवर हात ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, “बाई, तुमच्याशिवाय मला जगणं न्हाय.” सगळा गाव मला ओळखत होता, त्यांनाही ओळखत होता. हशा असा उसळला की पेटीवाल्यांनी पुढचं पद दोनदा सुरू करून दोनदा थांबवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांच्या धाकट्या मुलीनं मला गंभीरपणे विचारलं की बाई, तुम्ही आमच्याकडे राहायला येणार का. मी तिला पाढे म्हणायला लावले.

पुढे इंदापूरहून निमंत्रण आलं. बारामतीच्या नाटकात खरी बाई काम करते ही बातमी तिथे पोचली होती. तिथल्या बायकांनी आग्रह धरला की खेळ दुपारचा ठेवा, म्हणजे आम्हाला येता येईल. वकिलांना दिवसाढवळ्या नाटक करणं पसंत नव्हतं. त्यांनी रंगवून घेतलेला चंद्र वाया जाणार होता. पण निमंत्रण नाकारवेना. मग बाजारच्या एका भाजीच्या ट्रकमध्ये पडदे, पाटा-वरवंटा, पेटी आणि आम्ही असे सगळे चढलो आणि इंदापूरच्या रस्त्याला लागलो. सकाळचं ऊन होतं. अण्णा पडद्यांच्या गुंडाळीवर उन्हाकडे पाठ करून बसले होते, चेहरा काळवंडू नये म्हणून. मी ट्रकच्या फळीला धरून उभी होते. तेव्हाही त्यांनी मला सांगितलं की बाईमाणूस असं फळी धरून उभं राहत नाही.

इंदापुरात मैदानात मांडव घातला होता. वरून पांढरं कापड, त्यामुळे आत लख्ख उजेड. पुढच्या सगळ्या बैठकी बायकांनी भरल्या होत्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, नव्या नवऱ्या. कुणी शेंगा आणलेल्या, कुणी वाती वळायला कापूस आणलेला. पुरुष कडेला उभे.

पडदा वर गेला. पहिलं पद माझंच होतं. मी हातात परडी घेऊन आले आणि गाऊ लागले. पुढच्या ओळीतल्या बायकांचे डोळे माझ्यावरून खाली गेले, परत वर आले. पद संपलं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या थांबता थांबता एका बाईचा आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू आला.

“हा बाप्या गातोय बरा. लुगडंबी चापून नेसलाय.”

मला आधी कळलंच नाही की ती कुणाबद्दल बोलतेय. मग अण्णा आले. छोटी छोटी पावलं टाकत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. बायकांमध्ये एकदम समाधानाचा आवाज झाला. “ही बघा, ही बाई.” कुणीतरी कुणाला तरी कोपरानं ढोसलं. त्यांना माहीत होतं की या मंडळात खरी बाई एकच आहे आणि ती कोण याचा निकाल त्यांनी तिथल्या तिथे लावून टाकला होता.

मला हसू आलं, आणि दुखलंही. चोवीस तास बाई असून त्या भर उजेडात मला कुणी बाई मानायला तयार नव्हतं. मी ठरवलं की आता दाखवूनच देते. अण्णांनी शिकवलेलं होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. लचकून चालले, नजर खाली टाकली, मान वेळावली. पुढच्या ओळीतून शेरा आला की आता तर हा लईच करतोय. तेव्हापासून मी तो नाद सोडला आणि माझ्या रोजच्या चालीनं चालले. निदान गाताना श्वास तरी पुरला.

दुसऱ्या अंकात पुरणाचा प्रवेश आला आणि मांडव जिंकला तो तिथेच. आत्यानं पुरण वाटायला घेतल्यावर बायकांनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. आत्यानं लाजून विचारलं की वेलदोडा किती घालू, आणि आचाऱ्यानं तान घेत घेत तिच्याकडे पाहिलं, तेव्हा एक म्हातारी डोळे पुसताना मी विंगेतून पाहिली. लग्न राहून गेलेली बाई आणि तिच्याशी कुणीतरी इतक्या प्रेमानं बोलतंय, हे त्यांना थेट पोचलं होतं. त्यानंतर माझा आणि आचाऱ्याचा प्रवेश आला तर मांडव अगदी थंड. मी त्या बायकांच्या दृष्टीनं आता आत्याबाईच्या संसारात बिब्बा घालणारी होते, आणि वर पुन्हा बाप्या.

तिसऱ्या अंकाच्या शेवटी बागाईतदारांनी आचाऱ्याचं पागोटं काढलं, आपण कोण ते सांगितलं आणि नेहमीप्रमाणे माझ्यापासून चार हात लांब उभे राहून जमिनीला सांगितलं की हिच्याशी मी लग्न करणार. आता मंगल पद व्हायचं आणि पडदा पडायचा. पण पुढच्या ओळीतली ती मघाची बाई उठून उभी राहिली.

“आन् आत्याबाईचं काय?”

तिच्यामागे दुसऱ्या दोघी बोलल्या, मग सगळ्याच. तिला पुरण वाटायला लावलं तेव्हा गोड लागलं, आता काशीला धाडता व्हय, असं काहीबाही. पेटीवाले सूर धरून बसले होते, पण त्यांना कुणी ऐकत नव्हतं. बागाईतदार गोंधळले. त्यांना प्रेक्षकांकडे न बघायचं शिकवलं होतं, पण माणूस सरळ. कुणी प्रश्न विचारला तर उत्तर दिलं पाहिजे एवढंच त्यांना कळायचं. त्यांनी हात जोडले आणि बायकांना सांगितलं, “आवो, माझ्या हातात न्हाय ते. पुस्तकात तसंच लिवलंय.”

विंगेत वकील पडदा पाडायच्या खुणा करत होते. तेवढ्यात अण्णा पलीकडच्या बाजूनं आत आले. त्यांचं काम संपलं होतं, काशीचं गाठोडं काखेत होतं. ते मधोमध आले, गाठोडं खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवला आणि बायकांकडे बघून आत्याच्या आवाजात बोलले.

“अगं बायांनो, मला याचा सैंपाक आवडला होता. नवरा हिचा होईना का. घर तर माझंच आहे, पुरणपोळी मला रोज मिळणार.”

मांडव हसला. मग अण्णांनी माझा हात धरला, दुसऱ्या हातानं बागाईतदारांना मनगटाला धरून ओढलं आणि आमचे हात एकमेकांत घातले. इतक्या तालमींत आणि एका खेळात जे झालं नव्हतं ते झालं. बागाईतदारांचा हात गार पडला होता. अण्णांनी वरून आपला हात दाबून धरला होता म्हणून ते सुटले नाहीत. आणि मग अण्णांनी स्वतःच मंगल पद सुरू केलं, जुन्या नायिकेच्या आवाजात. तो आवाज वयानं थोडा फाटला होता, तरी गोड होता. दुसऱ्या ओळीला बागाईतदार आले, तिसऱ्या ओळीला मी खालच्या पट्टीतून आले. पद पुन्हा म्हणायला लावलं, आणि पुन्हा एकदा. वकील सांगायचे की त्यांच्या हयातीत असा शेवट कधी झाला नाही. मात्र आत्या काशीला न जाता घरातच राहिली, पुस्तकातला शब्द मोडला, याचं त्यांना कोर्टातल्या माणसासारखं थोडं वाईट वाटत होतं.

पडदा पडल्यावर आम्ही मागच्या कनातीत तोंडं धूत होतो. इतक्यात बायकांचा घोळका कनातीत शिरला. पुढे एक वयस्कर बाई होत्या. हातात ताट, ताटात हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. मी नेमकी वाटेत उभी होते. त्यांनी मला हातानं बाजूला केलं.

“दादा, जरा सरका. आमाला बाईंची ओटी भरायची हाय.”

मी सरकले. दुसरं काय करणार? अण्णा अजून लुगड्यातच होते. त्यांना बायकांनी पाटावर बसवलं आणि कपाळाला कुंकू लावलं. एवढ्या लोकांत काम करायला लई धीर लागतो, आमच्या पोरींनाबी असा धीर यावा, असं त्या वयस्कर बाई म्हणाल्या. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी तोंडावर पदर धरून हसू दाबत होते, त्यामुळे माझ्याकडून त्यांना काही मदत झाली नाही. बाईंनी मुठीत तांदूळ घेतले आणि रीत म्हणून विचारलं की लग्न झालंय न्हवं. अण्णा आत्याच्या आवाजात म्हणाले, झालंय. मुलं? दोन आहेत.

“आन् मालक काय करत्यात?”

अण्णांनी एक सुस्कारा टाकला. “मालक मीच आहे,” ते आपल्या खऱ्या आवाजात म्हणाले, आणि डोक्यावरचा टोप काढून मांडीवर ठेवला. टोपाखाली त्यांचं पुढून विरळ झालेलं डोकं घामानं चमकत होतं.

मागच्या दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता या रागावतील, ताट उचलून निघून जातील. त्या वयस्कर बाईंनी अण्णांच्या डोक्याकडे पाहिलं, मग कुंकवाकडे, मग खाली पदराकडे. तांदळाची मूठ तशीच होती.

“मग काय झालं?” त्या म्हणाल्या. “आत्याबाई तुमीच न्हवं? पसरा पदर.”

अण्णांनी पदर पसरला. इतकी वर्षं लोकांना दाखवलेल्या सगळ्या लकबी त्या क्षणी त्यांच्या अंगावरून गळून पडल्या होत्या. एखाद्या पोरक्या मुलासारखे ते अवघडून बसले होते. बाईंनी तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. अण्णांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मान वर करून विचारलं की मग ही कोण. बागाईतदार कनातीच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. ते घाईघाईनं म्हणाले, “त्या आमच्या पोरींच्या बाई हायत.” तेव्हा बाईंनी माझ्या कपाळापर्यंत हात पोचवायला टाचा उचलल्या. मी वाकले. कुंकू लावून झाल्यावर त्यांनी माझा दंड दाबून बघितला आणि एवढी उंच सून आपल्या घरात असती तर माळ्यावरचं सगळं खाली आलं असतं असं सांगितलं.

परतताना ट्रकमध्ये अण्णा पडद्यांवर बसले नाहीत. माझ्याशेजारी फळी धरून उभे राहिले. ओटीचं सगळं त्यांनी उपरण्यात बांधून जवळ ठेवलं होतं. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी विचारलं की ‘दादा’ म्हटल्याचं मला वाईट वाटलं का. मी म्हटलं, थोडं वाटलं. ते म्हणाले, “मला नायिका सोडताना वाटलं होतं तेवढंच असेल.” वाईट वाटल्याचं ते कधी बोलले नव्हते. पुन्हाही बोलले नाहीत.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला खण दिला. कुणी दिला, का दिला, हे सगळं ऐकून ती इतकी हसली की शेजारीण बघायला आली, असं अण्णांनीच सांगितलं. तिनं खण स्वतःला घेतला नाही. म्हणाली, ज्याची ओटी त्याचा खण. आणि त्याची चोळी शिवून तिनं ती अण्णांना आत्याच्या कामासाठी दिली. पुढे काटेवाडी, पणदरे अशा गावांत आमचे खेळ झाले ते ‘आत्याबाईचं नाटक’ म्हणूनच, आणि प्रत्येक खेळात अण्णा ती हिरवी चोळी घालायचे. दंडात ती जरा घट्ट व्हायची. हात वर करताना ते जपून करायचे आणि त्यामुळे ते आणखीनच नाजूक दिसायचे.